तेरामैलाच्या पुढे

पहाटे साडेचारला अशोक चौकात
अंबादास चिप्पा आधीच येऊन उभा असतो.
कानटोपी, मफलर,
हँडलला लटकवलेली पिशवी,
पिशवीत कडक भाकरी, पेपरात बांधलेली शेंगाची चटणी
आणि इन्हेलर.

"हवा बघितली का बे?"
बघितलेली असते. सायकलचं दुकान माझं.
तरी तो अंगठ्यानं दाबून बघतो चारही टायर,
बत्तीस वर्षं ताण बघत आलेला माणूस,
सुताचा.

सात रस्त्यापर्यंत कुत्री सोबतीला,
मग उसाच्या ट्रॉल्या, टेपवर कन्नड गाणी लावलेल्या.
त्या पुढे गेल्या की उरते माझी चेन
आणि त्याचा श्वास, जुन्या मागासारखा:
खट्,
जरा थांबून,
खट्.
डॉक्टर म्हणाले, छातीत कापूस बसलाय.
अंबादास हे भेटेल त्याला हसत सांगतो.
"बायको म्हणते, गादी भरून घेऊ."

तेरामैलाला चहा.
गौरव्वा विचारत नाही, दोन कप पुढे सरकवते
आणि त्याच्या कपात आलं जास्त.

पुढे हमरस्ता कुठे सोडायचा
ते कुठल्या नकाशात बघायचं नाही.
एक वाकडी बाभूळ, एक बंद पडलेला वजनकाटा,
तिथून उजवीकडे.
आणि एकदम कुणीतरी बटण बंद केल्यासारखं
शांत.

दोन्ही बाजूंना ज्वारी, पोटरीत आलेली,
बांधाला करडईचं काटेरी कुंपण,
तारेवर नीलकंठ, तो आम्हाला मोजत नाही.
काळ्या रानातून रस्ता असा जातो
की घाई त्याला ठाऊकच नाही.
सूर्य पाठीमागून येतो,
आमच्या सावल्या आमच्या पुढे पळतात,
माझी थोडी पुढे.

अठ्ठ्याऐंशी साली मंद्रूपपर्यंत जाऊन यायची शर्यत होती.
मी चौथा आलो.
बक्षिसं तीन होती.
हे मी अंबादासला किती वेळा सांगितलं असेल,
तो दर वेळी विचारतो, "तिसरा कोण?"
आणि मला दर वेळी नाव आठवतं.

काट्यानं पंक्चर. साहजिक आहे, बाभळीचा देश.
एका वस्तीवर घमेल्यात पाणी मागितलं,
ट्यूब बुडवली, बुडबुडा शोधला.
अंबादास धावेवर बसून भाकरी मोडत होता,
कडाड,
बैलसुद्धा वळून बघायचा.

कुडल. सीना इथे येऊन भीमेला मिळते
फारसा गाजावाजा न करता.
देवळात गारवा, वटवाघळांचा वास,
पिंडीवर मुखंच मुखं. अंबादास मोजायला बसला,
सत्तरीच्या पुढे धाप लागली, सोडून दिलं.

मग एक पोर आली, कावेरी, पाचवीत,
पाहुण्यांना दाखवायचा मान तिचा.
काठीनं वर तुळईकडे बोट करून म्हणाली,
हजार वर्षांमागची अक्षरं आहेत, मराठी.
"ह्ये वाचेल तो जिंकेल, असं लिवलंय."

अंबादास मान मागे टाकून बघत राहिला.
"बीम आहे बे," म्हणाला,
"दगडाचा."
हात वर केला, पोचला नाही,
तरी बोटं हवेतच हलवत गेला
एका अक्षरावरून दुसऱ्यावर,
जसा तुटलेला धागा शोधतात ताण्यात,
अंधारात, मागचा आवाज चालू असताना.

"म्हणजे कसं," पोरीला म्हणाला,
"वाचला, तो जिंकला."
ती म्हणाली, "व्हय, तसंच."
तिला वाटलं, पुस्तक वाचल्यासारखं वाचणं.

मी बाहेर आलो,
सीटखालचा स्क्रू घट्ट होता, तो पुन्हा घट्ट केला.

परतीला वारं तोंडावर.
चाळीस किलोमीटर, तीन ठिकाणी थांबत.
तेरामैलाच्या अलीकडे, चढ लागायच्या आधी,
मी गियर हलका केला, मुद्दाम मागे राहिलो,
त्याच्या पाठीवरचा मफलर बघत.

"मागं का राहिलास बे?"

"चौथा यायची सवय आहे," म्हणालो.

खट्.
जरा थांबून,
खट्.